थंड कोठीतला पाडाचा आंबा

शिनोली, ता. आंबेगाव
२ एप्रिल १९५५

सयाजी,

सात वर्षांनी लंडनहून तुझं पत्र आलं. वर टाइप केलेलं 'डिअर मॅडम', खाली तुझी सही, आणि मधला सगळा मजकूर तुझ्या कंपनीचा. मला मॅडम म्हणणारं आता या जगात दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून आधी हसू आलं. मग नाही आलं.

आई गेल्यावर तू लिहिलं होतंस, 'आक्का, तुझ्या कुठल्याही वाक्यावर मी आता विश्वास कसा ठेवू?' पाच महिने ती अंथरुणावर होती आणि मी दर आठवड्याला 'आई बरी आहे' असं लिहीत राहिले. तुझी परीक्षा होती. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. तू कामाचं लिहिलं आहेस, मीही कामाचंच लिहिते.

तुमच्या सूचनांचा कागद मी मराठीत करून सहाही बागवाल्यांना वाचून दाखवला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून सुटणाऱ्या बोटीत अठ्ठेचाळीस डिगरी फॅरनहाइटच्या थंड कोठीची जागा घेतली आहे, त्यात आपल्या खोऱ्यातल्या तीनशे पेट्या जायच्या, लंडनला नीट उतरल्या तर दरसाल ही जागा आपल्यासाठी राखून ठेवतील. सगळे ऐकत होते. भिमाजी म्हणाला, "चुलत्यानं आक्काला पुण्याच्या मडमांच्या शाळंत घातली तवा माझा बा म्हनला व्हता, हिला कोन नांदवनार? आता बघा, गावाला उपेग झाला." म्हातारपणी एवढा मान मिळाला. तो तुझ्यामुळे, हे मनात म्हटलं.

तोडणी सहाही बागांत कुशाबाच करणार. तुला झाडावर चढायला शिकवलं तोच कुशाबा, आता साठीचा झाला आहे. अजूनही तो आंबा डोळ्यांनी बघतच नाही. देठाजवळच्या खांद्यावर अंगठा ठेवतो आणि सांगतो, "ह्याला आठ दिस हायेत." आठव्या दिवशी तो आंबा तयार असतो. खालच्या अंगाचे बागवाले त्याला बैलगाडी पाठवून नेतात.

त्याने मला विचारलं, "बाई, अठ्ठेचाळीस डिगरी म्हंजी किती गार?"

मी म्हटलं, "माठातल्या पाण्याहून गार, पण बर्फाइतकं नाही."

"म्हंजी आंब्याला निस्ती झोप लागंल. मरनार न्हाई."

इतकं नीट तर तुमच्या कागदातही लिहिलेलं नाही. कागदात एका वाक्याखाली रेघ आहे, की झाडावर पिकू लागलेलं एकही फळ पेटीत जाता कामा नये. ते मी दोनदा वाचलं. कुशाबा म्हणाला, "लिहा त्यांना, कुशाबाच्या हातनं पाडाचा आंबा गेला तर त्याची बोटं तोडा." मी म्हटलं, असलं काही इंग्रजीत लिहिता येत नाही.

तिकडे अजून थंडी असेल. छातीला जपतोस ना?

आक्का


१४ मे १९५५

सयाजी,

काल पेट्या गेल्या. लिहिते आहे आणि हाताला अजून चिकाचा वास येतो आहे.

चार दिवस सगळी तोडणी पहाटेच्या गारव्यात झाली. कुशाबा झेला घेऊन, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी बांधलेला तो लांब बांबू घेऊन, झाडाखाली उभा राहायचा आणि एकेक आंबा देठासकट अलगद उतरवायचा. चीक सांडला की फळाला डाग पडतो, म्हणून प्रत्येक फळ देठ वर करून ठेवायचा. मग बायका ते पातळ कागदात गुंडाळणार, मी पेटीत थर लावणार, सुतार झाकण ठोकणार. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी गेली आहे, बागेचं नाव आणि तोडणाऱ्याची खूण. कुशाबाने तीनशे चिठ्ठ्यांवर अंगठा उठवला. शेवटी अंगठा निळा झाला तेव्हा त्याची बायको सरूबाई म्हणाली, "आता भाकरी कशी मोडाल? तिच्यावर बी अंगठा उठंल, मंग तिला बी विलायतंला धाडाल." बायका इतक्या हसल्या की दोन फळं पडली. ती बाजूला काढली.

ट्रक जुन्नरच्या मेहबूबचा. तो म्हणाला, "बाईसाहेब, आंबा लंडनला चालला आणि मी खंडाळ्याच्या पलीकडं गेलो तर घरी पंचायत भरती." ऊन उतरल्यावर निघाला. ओली गोणपाटं टाकून, सावकाश.

तोडताना पाडाचे निघालेच. एखाद्या फांदीवर एखादा असतोच. कुशाबाने ते वेगळ्या टोपलीत, घरासाठी म्हणून, पडवीत ठेवले होते. टोपलीभर होते, चाळीसेक. परवा दुपारी तो गाडीकडे दोर बघायला गेला होता. परत आल्यावर विचारलं, "पाडाचं कुठं गेलं?" मी बायकांना वाटून टाकले असं त्याला सांगितलं.

तुला आठवतं, तू पुण्याला बोर्डिंगात असताना आई पेटी पाठवायची? सगळ्या पोरांच्या घरून आंबे यायचे. तू पेटी उघडलीस की पेंढ्यात हात घालून आधी एकच आंबा शोधायचास, वरच्या थरातला, झाडावर पिकलेला, अजून उन्हाचा वास असलेला. आई म्हणायची, बाजाराच्या पेटीत नुसते आंबे असतात, घरच्या पेटीत एक पाडाचा असतो. नुसती कच्ची फळं आपल्या माणसाला कशी पाठवायची? मावशीच्या सासरी, माझ्या सासरी, कुठेही पेटी गेली तरी तो एक असायचाच. मी विधवा होऊन परत येईपर्यंत दर साल तो यायचा, आणि ज्या वर्षी तो मिळाला त्या वर्षी मला माहेर आहे असं वाटायचं.

धक्क्यावर पेट्या उघडताना तू असशील असं कागदात आहे. आधी वास घे. एवढंच. बाकी काही लिहीत नाही.

आक्का


१९ जून १९५५

सयाजी,

तार पोचली. घोडेगावच्या पोस्टमास्तरांना तिचं इंग्रजी लागलं नाही, म्हणून त्यांनी तारेतली अक्षरं एकेक करून मला वाचून दाखवली. माल पूर्ण बाद. पिकलेली फळं कोणी घातली कळव.

मी काय कळवू? मला काही सुचत नाही. मला माहीत नाही. ट्रकमध्ये उष्णता झाली असेल का? खंडाळ्याच्या घाटात मेहबूबची गाडी दोन तास तापून उभी होती असं तो सांगतो. मुंबईला धक्क्यावर पेट्या किती वेळ उन्हात होत्या कोण जाणे. बोटीवरचं यंत्र बंद पडलं नसेल ना? तुम्ही ते विचारा. थंड कोठीत ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहते अशी माझी समजूत होती. तसं नसतं का?

सगळ्याच बाद झाल्या का? तीनशेच्या तीनशे?

तुझ्यावर तर काही आलं नाही ना?

आक्का


१२ जुलै १९५५

सयाजी,

तुमच्या तपासनिसांचा अहवाल आला. तुझी वेगळी ओळ त्यात नव्हती. पाकीट मी दोनदा उलटं करून झाडलं.

देवळापुढच्या पारावर सगळे जमले, कारण भिमाजीने दवंडीच दिली होती. त्याच्या एकट्याच्या सत्तर पेट्या. मी खुर्चीवर बसून वाचलं. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला पाठीचा कणा ताठ ठेवून, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू येईल असं वाचायला लावायच्या. तसंच वाचलं. कोठीची उष्णता अठ्ठेचाळीस डिगरीच होती, सबंध प्रवासात नोंद आहे. उघडलेल्या अनेक पेट्यांत वरच्या थरात एकेक पिकलेलं फळ होतं. पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो, बंद कोठीत तो इतर फळांना लागतो आणि तीही झोपेतून उठावीत तशी पिकू लागतात. झोपेतून हा शब्द अहवालात नाही, तो मी घातला. कुशाबाला समजावं म्हणून. आधी ती एकेक फळं कुजली, मग त्यांच्या शेजारची, मग सगळा माल मऊ पडला.

शेवटच्या वाक्यात इंग्रजी शब्द होता, त्याला मी हयगय म्हटलं. तोडणाऱ्याची हयगय. पुढच्या सालापासून जागा मिळणार नाही.

मग भिमाजी म्हणाला, "कुशाबा, डोळं गेलं का रं तुजं? का दुसरीकडं व्हतं ध्यान?"

कुशाबा पाराखाली उकिडवा बसला होता. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, पुन्यांदा वाचा. पिकल्यालं फळ, तिथनं."

मी पुन्हा वाचलं. सयाजी, इंग्रजी येणारी मी एकटी. मी काहीही वाचू शकले असते. यंत्र बिघडलं म्हणाले असते तरी कोणाला कळलं नसतं. पण तेव्हा माझ्या तोंडून कागदात होतं तेच आलं, आणि जे कागदात नव्हतं ते आलं नाही.

"वरच्या थरात?" त्याने विचारलं. "एकेक?"

मी मान हलवली.

"आन् अंगठा माझाच?"

"प्रत्येक चिठ्ठीवर तुझाच अंगठा आहे," मी म्हटलं. हेही खरंच होतं.

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. वाद घालील असं मला वाटलं होतं. त्याने वाद घातला असता तर कदाचित मी… पण तो म्हणाला, "म्या परत्येक फळ हातात धरल्यालं. मंग माझ्याच हाताला कळलं न्हाई म्हनायचं." आणि पायताण घालून निघून गेला.

मी घरी येऊन जेवले नाही. हे लिहिलं तर तू म्हणशील, त्याने काय होतं. काहीच होत नाही.

आक्का


२२ ऑक्टोबर १९५५

सयाजी,

तुझं पत्र आलं. मराठीत, तुझ्या हातचं, 'आक्का' अशी सुरुवात असलेलं. ते मी देवघरात ठेवलं होतं, म्हणून उत्तराला चार दिवस उशीर झाला. तुला फळांच्या खात्यातून काढून गोदामाच्या दारावर बसवलं हे वाचलं. तू ते एका ओळीत लिहिलंस. आणि खाली विचारलंस, 'एकदाच विचारतो. पेट्या बंद होताना तिथे कोण होतं?'

पेट्या बंद होताना कुशाबा होता, सुतार होता, सरूबाई आणि इतर बायका होत्या. मीही होते.

इकडचं कळवते. कुशाबाला आता कोणी बोलवत नाही. खालच्या अंगाच्या बागवाल्यांची लिंबं तोडायला आली होती, त्यांनी दुसऱ्याच कोणाला नेलं. तो आपल्याच बागेत गवत काढतो, आळी करतो. झाडाला हात लावत नाही. मी म्हटलं, "कुशाबा, पपई बघ जरा, उतरवायची का?" तर म्हणाला, "तुमीच बघा बाई. मला न्हाई समजत."

काल सरूबाई येऊन पायरीवर बसली. तांदूळ निवडायला घेतले आणि निवडता निवडता म्हणाली, "सकाळच्याला उठून वांगी घिऊन बसत्यात. डोळं मिटून एकेक वांगं दाबत्यात. म्हनत्यात, सरू, हे कवळं का जून? म्या म्हन्ते, बराबर सांगितलं तुमी. तर म्हनत्यात, तू माझं मन राखतीस."

"बरोबर सांगतात का पण?" मी विचारलं.

"कवा बराबर, कवा न्हाई. पयलं कवाच चुकत नव्हतं, बाई. आता हात लावायच्या आदीच घाबरत्यात. घाबऱ्या हाताला काय कळतंय?" मग तिने मला विचारलं, "तुमी व्हता की पडवीत. तुमाला काय दिसलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "माझं लक्ष थरांकडे होतं."

तांदळात खडे फार होते. तिने सगळे काढून दिले.

आक्का


८ जानेवारी १९५६

सयाजी,

झाडांना मोहोर आला आहे. आज सकाळी कुशाबा झेला घेऊन आला. मला वाटलं, पातं धार लावायला काढलं असेल. त्याने तो पडवीत आडवा ठेवला आणि म्हणाला, "जळनात घाला. चांगला वाळल्याला बांबू हाय." भिमाजीने यंदा पिंपरी पेंढारहून तोडणारा ठरवला आहे, तो आपला स्वतःचा झेला घेऊन येणार.

आता लिहिते. पुढच्या वाक्यानंतर मला मागे फिरता येऊ नये म्हणून आधी तुला लिहिते, मग गावाला सांगेन.

ते आंबे मी घातले.

त्या दुपारी कुशाबा गाडीकडे गेला, बायका भाकरी खायला गेल्या, सुतार पाणी प्यायला विहिरीवर गेला. झाकणं लागायच्या पेट्या रांगेत होत्या. टोपली पडवीत होती. एका पेटीतला वरचा आंबा काढून त्याच्या कागदात पाडाचा गुंडाळला. मग मनात आलं, तीनशेपैकी तू नेमकी ही पेटी कशी उघडशील? म्हणून दुसऱ्या पेटीत. मग तिसऱ्या. एक्केचाळीस फळं होती, एक्केचाळीस पेट्या झाल्या. भिमाजीच्याही झाल्या, बाकीच्यांच्याही. काढलेले आंबे मी ओच्यात घालून कोठारात लपवले. एक्केचाळीस वेळा हात घातला, सयाजी, एकदाही मला ती रेघ मारलेली ओळ आठवली नाही असं नाही. आठवली. मला वाटलं, ते व्यापाराचं आहे. ते परक्यांसाठी लिहिलं आहे. सात वर्षं तू बोलला नव्हतास आणि तुझ्या हातात पहिली वस्तू पडणार ती कागदात गुंडाळलेली कच्ची फळं, हे मला सहन झालं नाही. आणि गारठ्यात काय बिघडतंय, असंही वाटलं. इतकं शिकून एवढीही अक्कल नव्हती.

तार आली तेव्हाच सांगायचं होतं. पण तू नुकता बोलायला लागला होतास, तारेने का होईना. पुन्हा तोंड फिरवशील या भीतीने मी कुशाबाला पुढे केलं. त्याचं नाव मी एकदाही घेतलं नाही, हे मी स्वतःला सांगत असे. नाव घ्यायची गरजच नव्हती. अंगठे होतेच.

हे लिहिताना आत्ता एक गोष्ट कळते आहे. पेटी उघडलीस, वरच्या थरात एक पाडाचा आंबा पाहिलास, दुसऱ्या पेटीत पाहिलास. साऱ्या लंडनमध्ये त्याचा अर्थ कळणारा तू एकटा. म्हणजे धक्क्यावर उभा असतानाच तुला कळलं होतं. तू तारेत विचारलंस ते माहीत नव्हतं म्हणून नव्हे. ऑक्टोबरात विचारलंस तेही नव्हे. तू मला दोनदा दार उघडून दिलंस, आणि मी दोन्ही वेळा बाहेर कोण कोण उभं होतं त्यांची यादी पाठवली.

तू त्यांना तिथे का सांगितलं नाहीस, हे मी विचारणार नाही. मला वाचवायला गप्प राहिला असशील तर आपण दोघं एकाच आईची मुलं. पण मग कुशाबाचं आपण दोघांनी मिळून केलं.

आक्का


९ मे १९५६

सयाजी,

तुझं उत्तर नाही. ते येणार नाही हे मी धरून चालले आहे. तरी हे लिहायलाच हवं, कारण हे ऐकायला दुसरं कोणी नाही.

मी गावाला सांगितलं. जानेवारीतच, त्याच पारावर. कुशाबा आला नव्हता. उभं राहून सांगितलं, पेट्या किती, फळं किती, काढलेले आंबे कुठे लपवले, सगळं. कोणी शिव्या देईल, थुंकेल, याची तयारी करून गेले होते.

भिमाजी उठला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "आक्का, तुजं मन लई मोठं. गड्याची चूक आपल्या पदरात घ्यायाला देवमानूस लागतं. पर त्याला असं डोक्यावर चढवू नगंस."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले, "मी खरं सांगते आहे!" दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. एक म्हातारी म्हणाली, "आईवर गेलीया." आई गेल्यापासून ते ऐकण्यासाठी मी काय दिलं नसतं. त्या दिवशी ते कानांत गरम तेलासारखं गेलं.

एकटी सरूबाई उभी राहिली. तिने विश्वास ठेवला. माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "आन् मंग तवा का न्हाई बोलला? म्या इचारलं व्हतं तुमाला, तांदूळ निवडताना." मी म्हटलं, "घाबरले होते." ती म्हणाली, "आमी न्हाई का घाबरलो?" आणि माझ्याकडे पाठ करून गेली.

कुशाबाने घरी बसून सगळं ऐकून घेतलं. मी त्याच्या ओट्यावर बसले होते, कधी नव्हे ती. तो म्हणाला, "बाई, तुमी माझ्यासाठी येवढं केलं, लई झालं."

"कुशाबा, मी काही केलं नाही. तुझी बोटं चांगली आहेत. आंबे मी घातले."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. आजारी माणसाला म्हणतात तसं. मी त्यानंतर चार-पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी तो उठून उभा राहायचा, गुळाचा खडा आणि पाणी द्यायचा आणि हसायचा.

काल आपल्या बागेत तोडणी सुरू झाली. यंदा सगळा माल मंचरच्या बाजारात जाणार, बोटीचं नाव कोणी काढत नाही. पिंपरी पेंढारचा माणूस बरा आहे, भराभर तोडतो, देठ तुटतात. मला एक सुचलं. आपल्या विहिरीजवळच्या झाडाचा एक तयार आंबा, एक कोवळी मोठी कैरी आणि एक पाडाचा, असे तीन आंबे मी स्वतः उतरवून घेतले आणि कुशाबाकडे नेले. म्हटलं, त्याच्या हातानेच त्याला पटवून द्यावं. मी सांगून त्याला पटत नाही, फळ सांगेल तर पटेल.

तो नको म्हणत होता. सरूबाई माझ्याशी बोलत नाही, पण काल ती चुलीपुढून उठून आली, त्याच्या मागे बसली आणि दोन्ही तळव्यांनी तिने त्याचे डोळे झाकले. "धरा," ती म्हणाली. "कवाधरनं वांगी दाबताय, आता ह्ये धरा."

पाडाचा आंबा त्याने लगेच सांगितला. तो तर वासानेही कळतो. सरूबाईचा चेहरा उजळला.

मग मी कैरी त्याच्या हातात दिली. मोठी होती, पण खांदे अजून बसलेले, अंगठा ठेवला तर कोणालाही कळावं. त्याने अंगठा ठेवला. मग काढला. मग फळ फिरवून पुन्हा ठेवला.

"तयार हाय," तो म्हणाला. "ह्यो पेटीत जाईल." आणि मग हळूच, "बराबर हाय का, बाई?"

सरूबाई त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ती काय मागत होती ते मला स्पष्ट दिसत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. आयुष्यभर मी तेच म्हणत आले, मला त्यात काहीच कष्ट पडले नसते. पण तो माझा आवाज ऐकत होता. आज खोटं बोलले आणि त्याला ते कळलं, तर जानेवारीपासून जे जे सांगितलं ते सगळंच त्याच्या लेखी खोटं. आणि न कळलं, तर उद्या तो झेला घेऊन झाडाखाली जाईल आणि तिथे दहा माणसांसमोर त्याला कळेल.

"नाही कुशाबा," मी म्हटलं. "कैरी आहे."

सरूबाईने हात काढले. तो रागावला नाही, रडलाही नाही. जरा सुटल्यासारखाच दिसला.

"त्येच म्या तुमाला सांगत व्हतो," तो म्हणाला, आणि ती कैरी, देठ वर करून, अगदी जपून माझ्या ओंजळीत ठेवली.

तिसरा आंबा मी दिलाच नाही.

आक्का